हाक देणारं यंत्र

डॉइच टेलिकॉमचं मुख्यालय बॉनमध्ये आहे. या कंपनीने 2016मध्ये ‘ओपन टेलिकॉम क्लाउड’ सुरू केलं. तिथे आभासी यंत्र मागितलं की कुणाला सीडी घालावी लागत नाही, की इन्स्टॉलेशनच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टीमची तयार इमेज नेटवर्कवरून सर्व्हरवर येते आणि यंत्र चालू होतं. ही सोय क्लाउडबरोबरच जन्मली असं वाटतं, पण तिचं मूळ डिस्क महाग होती त्या काळात आहे.

तेव्हा बिनडिस्कची वर्कस्टेशनं वापरात होती. चालू केल्यावर अशा यंत्राला ना स्वतःचा पत्ता ठाऊक, ना कोणता प्रोग्रॅम चालवायचा ते. सप्टेंबर 1985मध्ये बिल क्रॉफ्ट आणि जॉन गिलमोर यांनी त्यासाठी ‘बूटपी’ प्रोटोकॉल मांडला. यंत्र साऱ्या नेटवर्कला हाक देतं आणि सर्व्हर उत्तर देतो: तुझा पत्ता हा, सर्व्हर इथे आहे, ही फाइल घे. फाइल टीएफटीपी या साध्या प्रोटोकॉलने यायची, 512 बाइटच्या तुकड्यांत. एकाची पोच मिळाली की पुढचा. इंटेलच्या पीएक्सई या नेटवर्क-बूटच्या मानकाने ही हाक नेटवर्क कार्डात बसवली. आज आभासी यंत्रं चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या नेटवर्क कार्डातही पीएक्सईचा मुक्त अवतार आयपीएक्सई असतो, म्हणजे ज्याला धातूचं अंगच नाही असं यंत्रही तशीच हाक देतं. क्लाउड उभारण्याच्या ओपनस्टॅक या सॉफ्टवेअरमध्ये तर इमेजवरून उठलेलं यंत्र 169.254.169.254 या पत्त्यावर स्वतःचं नाव विचारतं. प्रती हुबेहूब सारख्या असल्याने ते विचारणं भागच असतं.

या कुळाची दुसरी शाखा बॉनच्या शेजारी, राइनकाठीच, कोलोन विद्यापीठात फुटली. 1999मध्ये तिथे थॉमस लांगे यांना लिनक्सचा क्लस्टर उभारायचा होता: एक सर्व्हर, सोळा यंत्रं. सोलारिस या ऑपरेटिंग सिस्टीमच्या ‘जंपस्टार्ट’ या स्वयंचलित इन्स्टॉलेशनचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. त्यातून एफएआय, म्हणजे ‘फुली ऑटोमॅटिक इन्स्टॉलेशन’, तयार झालं. एका यंत्राची डिस्क जशीच्या तशी दुसऱ्यावर उतरवणं त्यांनी टाळलं. यंत्र नेटवर्कवरून बूट होतं, मूळ फाइलव्यवस्था एनएफएस या नेटवर्क-फाइल प्रोटोकॉलवरून घेतं आणि आपण कोणकोणत्या वर्गांत मोडतो ते ठरवतं. डिस्कची विभागणी, पॅकेजेस, मांडणी हे सगळं त्या वर्गांनुसार होतं.

मला या कुळकथेतला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. तयार इमेज झटपट उतरते, पण तिच्यात कोणी, केव्हा, काय बदललं ते वर्षभरात कुणालाच आठवत नाही. लिहिलेली कृती वाचता येते, दुरुस्त करता येते, पुन्हा चालवता येते. आभासी यंत्रांचा जमाना आल्यावर इमेजची गरज परतली, तेव्हा एफएआयनेही डिस्क-इमेज बनवण्याची सोय दिली, मात्र त्याच वर्गांच्या आधारे. डेबियन या लिनक्स वितरणाच्या अधिकृत क्लाउड इमेज आज एफएआयनेच घडवल्या जातात आणि त्यांच्या वर्गांच्या फाइली कुणालाही उघडून तपासता येतात.