तित्तराची साद

आकुर्डीत राहणाऱ्या माणसाला आवाज कळत नाहीत असं कोणी म्हणू नये. कारखान्याचा भोंगा, लोकलची शिटी आणि सौ.चं 'ऐकलंत का?' हे तिन्ही मी झोपेतसुद्धा ओळखतो. त्याच जोरावर एका रविवारी दुर्गा टेकडीवर झुडपातून 'क-तीतर, क-तीतर' ऐकू आलं, तेव्हा मीही तशीच साद घातली. तित्तर आला नाही. दोन कुत्री आली आणि पाठोपाठ एक आजोबा, "घशाला काही झालंय का?" असं विचारत.

माझं चुकलं कुठं, ते फासेपारध्यांच्या कलेविषयी वाचल्यावर कळलं. विणीच्या दिवसांत नर तित्तर ओरडतो तो 'ही जागा माझी' असं बजावायला. पारधी पाळीव तित्तराचा पिंजरा माळावर ठेवी, भोवती फासे रोवी आणि तोंडानं साद घाली. आपल्या हद्दीत हा उपटसुंभ कोण, म्हणून तरातरा आलेला नर फासात सापडे. थोडक्यात, नुसतं ओरडून भागत नाही. समोरच्याला काय झोंबतं ते ठाऊक लागतं. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय काढून पाहा, म्हणजे पटेल.

जिम कॉर्बेटना हे पक्कं ठाऊक होतं. कुमाऊँतल्या थाक गावची नरभक्षक वाघीण जोडीदाराला हाका देत हिंडत होती. १९३८ च्या नोव्हेंबरात कॉर्बेटनी नर वाघाचा आवाज काढून तिला बोलावलं आणि गोळी घातली.

खरी मौज पुढेच आहे. बाराव्या शतकात चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानं 'मानसोल्लास' ग्रंथात शिकारीला चक्क 'विनोदा'त जमा केलं. राजाची शिकार विनोद, साहेबाची शौर्य. आणि पारध्याची? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ साली त्याचा पसारा वाढवला आणि पारधी पाळण्यातच गुन्हेगार ठरू लागले. तो शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. पुढे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला आळा घातला. ते बरंच झालं, तित्तरालाही बायकापोरं असतात! पण फास सोडलेल्या हातांना दुसरं काम द्यायचं मात्र राहूनच गेलं.

मागच्या वर्षी आमच्या काउंटरवर एक पारधी खातं उघडायला आला. पत्त्याचा पुरावा नव्हता. "उद्या या," ही आमची वंशपरंपरागत साद मी घातली. मग राहवेना म्हणून हळूच म्हटलं, "एकदा तित्तर बोलवून दाखवता का?"

दाराकडे बघत तो म्हणाला, "नगं साहेब. तित्तर येतो न येतो. पोलीस हटकून येतो."

रांगेतले हसले. तो हसला नाही. मी त्याचा फॉर्म परत जवळ ओढला आणि मॅनेजरसाहेबांकडे घेऊन गेलो.

तरी खात्याला तीन खेपा लागल्याच. तित्तरसुद्धा इतके आढेवेढे घेत नसावा.