जबाबदार संपादक

आपल्या या अंकाच्या शेवटच्या पानावर अगदी तळाला बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘फाउ-ई-एस-डे-पे’ आणि पुढे आपल्याच एका सभासदाचे नाव. अर्थ असा की, या पानांत जे छापले आहे त्याला वृत्तपत्रविषयक कायद्याप्रमाणे ही व्यक्ती जबाबदार आहे. दिवाळीच्या फराळाची यादी आणि मुलांच्या नाटकाची तारीख छापणाऱ्या पत्रकाला एवढा बंदोबस्त कशाला, असे नव्या सभासदांना वाटते. पण या ओळीमागे मोठा इतिहास आहे. १८७४ साली बिस्मार्कच्या काळात झालेल्या वृत्तपत्र कायद्याने प्रत्येक नियतकालिकावर जबाबदार संपादकाचे नाव छापणे बंधनकारक केले. सरकारविरुद्ध मजकूर आला तर कोणाला पकडायचे हे पोलिसांना आधीच ठाऊक असावे, हा त्यातला सरळ हेतू.

जर्मन लोकांनी त्यावर तोडही काढली. काही वृत्तपत्रे एक माणूस फक्त नावापुरता संपादक ठेवत. खटला झाला की तो तुरुंगात जाऊन बसायचा आणि खरे संपादक बाहेर लिहीत राहायचे. त्याला ‘सिट्झरेडाक्टोर’ म्हणजे ‘बसणारा संपादक’ असा शब्दच रूढ झाला.

हे सगळे आठवायचे कारण आपल्याकडे वरचेवर होणारा एक वाद. भारतातल्या किंवा इथल्या राजकारणावर कोणी सभासद काही लिहितो म्हणाला, की दुसरा म्हणतो, ‘हे पत्रकारांचे काम आहे, आपण हौशी माणसे, आपल्याला काय कळते?’ तिसरा म्हणतो, ‘पत्रकार मालकाचे ऐकतात, खरे लिहायचे तर ते पदरमोड करणाऱ्या माणसानेच.’ मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. ते का, हे सांगण्यासाठी आधी पुण्याला जाऊ, मग मुंबईला आणि शेवटी बर्लिनला.

त्याच १८७४ साली पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली. वय पंचविशीच्या आत, नोकरी सरकारी शाळेतल्या शिक्षकाची. मासिक जवळजवळ एकहाती. एकूण ८४ अंक निघाले आणि त्यातले बहुतेक सगळे लेखन त्यांचे स्वतःचे. पुढे सरकारी नोकरी सोडून त्यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल काढले आणि १८८१ च्या जानेवारीत ‘केसरी’ व ‘मराठा’ निघाले. टिळक, आगरकर, चिपळूणकर यांपैकी एकही जण पेशाने पत्रकार नव्हता. ते शाळामास्तर होते. पुढे मराठी पत्रसृष्टीचा मानदंड झालेले पत्र हौशी लोकांनी काढलेले होते, हे आपण सहसा विसरतो.

आणि हौशीपणाची किंमत त्यांनी लगेच मोजली. कोल्हापूरच्या अल्पवयीन महाराजांचा छळ चालला आहे, अशा बातम्यांवरून दोन्ही पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीकेची झोड उठवली. आधाराला काही पत्रे होती. बर्व्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि ती पत्रे बनावट निघाली. टिळक-आगरकरांनी माफी मागितली, तरी १८८२ मध्ये चार महिन्यांची शिक्षा झाली. प्रत्यक्षात १०१ दिवस ते मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात होते. (खटल्याच्या वेळी जामीन दिला तो जोतीराव फुल्यांच्या सांगण्यावरून रामशेठ उरवणे यांनी. विचारांनी दुसऱ्या टोकाला असलेल्या माणसाने हे करावे, याचे मला आजही कौतुक वाटते.) कळकळ खरी होती, धैर्य होते, पण कागद तपासलेला नव्हता. आमच्या प्रयोगशाळेत वजनाचा काटा कोणाच्या मालकीचा हे कोणी विचारत नाही. तो आधी शून्यावर आहे की नाही ते पाहतात.

यानंतर अडतीस वर्षांनी, ३१ जानेवारी १९२० रोजी, मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक निघाले. ते काढणारे भीमराव आंबेडकर तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती. अंकावर संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे, पण सुरुवातीच्या अंकांमागची लेखणी आंबेडकरांची. पहिल्याच अंकात त्यांनी स्वतंत्र पत्राची गरज का, ते सांगितले. मुंबई इलाख्यातली बरीचशी पत्रे विशिष्ट जातींचे हित पाहतात, इतरांची त्यांना पर्वा नसते, ही त्यांची तक्रार होती. एका बोटीतल्या प्रवाशाने दुसऱ्याच्या खोलीला भोक पाडले तर बोट त्याच्यासकट बुडते, असा दाखलाही दिला.

आणि ‘केसरी’? ‘मूकनायक’ निघत असल्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला ‘केसरी’ने नकार दिला. टिळक हयात असतानाची ही गोष्ट, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी मुद्दाम नोंदवले आहे. शाळामास्तरांनी स्वतःचे म्हणणे मांडायला काढलेले पत्र चाळीस वर्षांत दुसऱ्याला दार बंद करणारे झाले होते. पत्र मोठे होते तेव्हा त्याला वर्गणीदार येतात, प्रतिष्ठा येते आणि मग वर्गणीदारांना काय रुचणार नाही याचा अंदाज संपादकाला न सांगता येऊ लागतो. कोणी हुकूम द्यावा लागत नाही. आगरकरांना हा अनुभव ‘केसरी’तच आला होता, म्हणून ते बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला.

आंबेडकर १९२० मध्ये लंडनला शिकायला गेले (मध्ये १९२२ साली इथे बॉन विद्यापीठातही त्यांनी नाव नोंदवले होते) आणि ‘मूकनायक’ १९२३ मध्ये बंद पडला. एका माणसावर उभ्या असलेल्या पत्राचे असेच होते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर दोन आठवड्यांत, ३ एप्रिलला, त्यांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले; या वेळी संपादक म्हणून स्वतःच्या नावाने. वकिली, शिकवणे, सभा हे सगळे सांभाळून चोवीस चोवीस रकाने एकट्याने भरावे लागतात, हे त्यांनी पुढच्याच वर्षी वाचकांसमोर मांडले आणि या पत्राचे ऋण समाजाने फेडायला नको का, असा प्रश्न केला. १९२९ च्या नोव्हेंबरात तेही थांबले. पण महाडला काय झाले आणि का झाले, हे तळ्यावर गेलेल्यांच्या बाजूने आज वाचायचे तर त्या रकान्यांकडेच जावे लागते.

त्याच वर्षी, १९२७ मध्ये, बर्लिनमध्ये कार्ल फॉन ओसिएट्स्की ‘डी वेल्टब्यूने’ या साप्ताहिकाचे संपादक झाले. रसायनशास्त्राच्या लोकांना हे नाव एका वेगळ्याच कारणाने ठाऊक असते, ते पुढे सांगतो. मूळचे हे नाटकांना वाहिलेले मासिकवजा साप्ताहिक झीगफ्रीड याकोबझोन यांनी १९०५ मध्ये काढले. १९१८ मध्ये नाव बदलून ते राजकारणाकडे वळले. लहानसे लाल पुस्तक, भरभराटीच्या काळातही खप पंधरा हजारांच्या आसपास. कुर्ट टुखोल्स्की त्यात इतके लिहीत की एकाच माणसाचे नाव वारंवार दिसू नये म्हणून त्यांनी चार टोपणनावे घेतली होती.

समोर होता आल्फ्रेड हुगेनबर्ग यांचा कारखाना: वृत्तपत्रे, जाहिरात संस्था, वृत्तसंस्था, १९२७ पासून ऊफा ही चित्रपट कंपनीसुद्धा. गावोगावच्या लहान पत्रांना अग्रलेखासकट तयार साचे पाठवणारी त्यांची एक संस्था होती. तिचे लघुनाव ‘विप्रो’. (आपल्या बंगळूरच्या कंपनीशी काही संबंध नाही!) गावातल्या वाचकाला वाटायचे, आपला संपादक बोलतो आहे. ‘पेशेवर’ हा शब्द ऐकला की मला हे साचे आठवतात.

१२ मार्च १९२९ च्या अंकात वाल्टर क्रायझर यांनी टोपणनावाने एक लेख लिहिला. व्हर्सायच्या तहाने जर्मनीला लष्करी विमानदल ठेवायला बंदी होती; तरी नागरी विमानसेवेच्या आडून ते गुपचूप उभे केले जात आहे, असे त्यात दाखवले होते. यातला बराच भाग राइश्टागच्या अर्थसंकल्प समितीच्या कामकाजात आधीच आलेला होता. म्हणजे कोल्हापूर प्रकरणाच्या अगदी उलट: कागद खरे, माहिती खरी. तरी लाइपझिगच्या न्यायालयाने बंद दाराआड खटला चालवून नोव्हेंबर १९३१ मध्ये लेखक आणि संपादक दोघांना अठरा महिन्यांची शिक्षा ठोठावली. क्रायझर फ्रान्सला गेले. ओसिएट्स्कींनाही मित्रांनी तेच सुचवले होते. ते गेले नाहीत. सीमेपलीकडून हाक मारणाऱ्याचा आवाज देशात लवकरच पोकळ वाटू लागतो, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आणि मे १९३२ मध्ये ते टेगेलच्या तुरुंगात दाखल झाले. बसणारा संपादक आणि लिहिणारा संपादक इथे एकच होता.

हे वाक्य आपल्याला बोचण्यासारखे आहे. आपण इथून भारतातल्या निवडणुकांवर तावातावाने बोलतो तेव्हा आपल्या दारावर कोणी येत नाही. म्हणून बोलूच नये असे मी म्हणणार नाही. सीमेपलीकडे गेलेल्या क्रायझर यांचा लेख खोटा ठरला नाही. पण जोखीम नसली तर निदान तपासणी तरी दुप्पट हवी.

नाताळच्या माफीत सुटलेल्या ओसिएट्स्कींना २८ फेब्रुवारी १९३३ ला, राइश्टागच्या आगीनंतर, पुन्हा पकडले. ७ मार्चचा अंक शेवटचा. झोनेनबुर्ग, मग एस्टरवेगेनची छळछावणी. १९३६ च्या नोव्हेंबरात त्यांना १९३५ चे शांततेचे नोबेल जाहीर झाले. चिडलेल्या हिटलरने जर्मन नागरिकांना नोबेल घेण्यास बंदी घातली आणि त्यापायी रिखार्ड कून, आडोल्फ बुटेनान्ट व गेरहार्ड डोमाग्क यांना आपापली पारितोषिके नाकारावी लागली. हे तिघे आमच्या शास्त्राच्या पुस्तकांत आहेत. ज्याच्यामुळे हे घडले तो संपादक तळटीपेतही नसतो. ४ मे १९३८ रोजी पोलिसांच्या पहाऱ्यात बर्लिनच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला.

त्यांच्या मुलीने खटला पुन्हा चालवण्यासाठी अर्ज केला होता. बर्लिनच्या न्यायालयाने १९९१ मध्ये तो फेटाळला आणि कार्ल्सरुहेच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९२ मध्ये तो निर्णय कायम केला. १९३१ चा निकाल रद्द झाला नाही. त्याच १९९१ मध्ये ओल्डेनबुर्गच्या विद्यापीठाला, जवळजवळ वीस वर्षांच्या भांडणानंतर, अधिकृतपणे त्यांचे नाव मिळाले.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’ यांचे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये एकत्र छापले आहेत. ‘वेल्टब्यूने’चे जुने अंक जसेच्या तसे पुन्हा छापलेले आहेत आणि इथल्या मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांत मिळतात. सुट्टीत भारतात जाणाऱ्यांनी पहिले पुस्तक आणले तर मंडळाच्या कपाटात त्याला जागा आहे.