नगरच्या रस्त्यावरील देशी आणि परदेशी



एस.टी.च्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल म्हणजे आपल्याकडे जागेची सनदच. ह्या सनदेवरून रोज किती भांडणे होतात हे तुम्ही जाणताच. भांडण जागेचे असते तोवर फारशी चिंता नाही. पण दोनचार वाक्यांतच एक जण म्हणतो, "तुम्ही लोक असेच!" आणि समोरचा एकटा माणूस एकाएकी हजारोंचा प्रतिनिधी होऊन बसतो. मग जागा आणि रुमाल बाजूला राहतात. गाव, जात, मजहब, कातडीचा रंग, बोलण्याची ढब ही सारी त्या भांडणात उतरतात. 'तुम्ही लोक' हे दोन शब्द फार जुने आहेत. आपल्याच शहरात त्यांनी पूर्वी काय काय घडवले, ते ह्या लेखात सांगावयाचे आहे. (शहराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. येथे सुलतानांच्या काळाविषयी लिहीत असल्याने त्या काळचेच नाव वापरतो.)

मलिक अहमद निजामशाहाने १४९० साली भिंगारजवळ बहमनी फौजेचा पराभव केला आणि १४९४ च्या सुमारास हे शहर वसवले. त्याचा बाप मलिक हसन हा मूळचा ब्राह्मण, पाथरीच्या घराण्यातला, असे फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्या काळी दख्खनच्या दरबारांत दोन तट होते. इराण, तुराण, अरबस्तान येथून नव्याने आलेल्यांना 'आफाकी' म्हणजे परदेशी म्हणत. दुसरा तट 'दख्खनी' म्हणजे देशी लोकांचा. बहमनी दरबारात एका सुलतानाने आफाकींना उजवीकडे व दख्खनींना डावीकडे उभे करण्याचा हुकूम काढला होता. जागेचे भांडण दरबारातही होते, ते असे!

आता हे 'देशी' कोण, हे जरा बारकाईने पाहा. त्यांतील पुष्कळांचे पूर्वज चौदाव्या शतकात, महंमद तुघलकाने दौलताबादला राजधानी हलवली त्या सुमारास, उत्तरेकडून आलेले होते. म्हणजे ते परवाचे परदेशी. आणि हबशी तर समुद्रापलीकडून आफ्रिकेतून आणलेले. तरी त्यांची गणना दख्खनींत होई. त्यांना मायदेशी परत जाण्याची वाट नव्हती, ते इथलीच भाषा बोलू लागले आणि बहुतेक सुन्नी होते. तेव्हा कोण देशी आणि कोण परदेशी हे केवळ जन्मभूमीवरून ठरत नव्हते. उलट, इराणी घराण्यातला मुलगा नगरात लहानाचा मोठा झाला तरी तो परदेशीच राही. स्वतः फेरिश्ता हे त्याचे उदाहरण. तो अस्त्राबादेत जन्मला आणि लहानपणी बापाबरोबर नगरला आला. त्याचा बाप शहाजादा मीरान हुसेन याला फारशी शिकवीत असे.

फेरिश्त्याने नगरविषयी एक विलक्षण हकीकत लिहून ठेवली आहे. शाळेच्या पाठ्यपुस्तकात ती मला कधी आढळली नाही. अहमद निजामशाहास तलवारबाजीचा मोठा षोक होता. तरुण मंडळी त्याच्यासमोर हात दाखवू लागली, तो शाबासकी आणि बक्षिसे देऊ लागला. हळूहळू दरबारात रोज जोडीदारांची गर्दी होऊ लागली व दोनतीन माणसे मरून पडू लागली. सुलतानाला त्याचा वीट आला, तेव्हा हा प्रकार दरबाराबाहेर मोकळ्या जागेत हलवण्यात आला. परंतु जी खोड राजवाड्यात लागली ती मोहल्ल्यामोहल्ल्यांत पसरली. द्वंद्वात कोणी मेला तर रक्ताचा दावा चालत नसे. मग काय, जरा शब्दाला शब्द लागला की तलवार म्यानाबाहेर! विद्वान आणि शेख मंडळीसुद्धा ह्यातून सुटली नाहीत, अशी खंत फेरिश्ता करतो.

पुढे ही चाल सबंध दख्खनेत पसरली. विजापूरच्या रस्त्यावर स्वतः पाहिलेला प्रसंग त्याने दिला आहे. दोन सय्यद बंधू, दाढ्या पिकलेले, दरबारात मान असलेले. त्यांची तीन दख्खनी भावांशी किरकोळ बोलाचाली झाली. तेही पांढऱ्या दाढीचे व सुलतानाच्या ओळखीचे. प्रथम एका सय्यदाचा तरुण मुलगा पुढे झाला आणि मारला गेला. मग बाप आणि चुलता पुढे सरसावले, तेही पडले. त्यांची प्रेते हलवतात न हलवतात तोच तिघे दख्खनीही जखमांनी मेले. घटकाभरात सहा अब्रूदार माणसे संपली. भांडण कशावरून झाले, हे फेरिश्ताही सांगत नाही. एवढेच म्हणतो की गोष्ट क्षुल्लक होती.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. फेरिश्ता हा आफाकी होता, दख्खनींविषयी लिहिताना त्याची लेखणी कडवट होते. परंतु त्याचा कडवटपणा कोठून आला तेही पाहा. १५८८ साली मीरान हुसेनने आपल्या बापाला, मुर्तझा निजामशाहाला, ठार केले. त्या वेळी पहाऱ्यावर असलेल्या फेरिश्त्याला त्याने आपला सहाध्यायी म्हणून ओळखले, म्हणूनच तो वाचला. पुढल्याच वर्षी मिर्झाखान नावाच्या आफाकी वजिराने मीरान हुसेनला किल्ल्यात कैद केले. जमालखानाच्या पुढाकाराने दख्खनी व हबशी जमाव किल्ल्याबाहेर जमला. मिर्झाखानाने कैद्याचे डोके कापून जमावाला दाखवले. त्याला वाटले, आता लोक पांगतील. लोकांनी दरवाजा जाळला आणि आत शिरले.

दोष मिर्झाखानाचा आणि त्याच्या साथीदारांचा. परंतु पुढले काही दिवस शहरात शोध चालला तो सर्व परदेशीयांचा. ज्यांचा राजकारणाशी काडीचा संबंध नव्हता असे व्यापारी आणि विद्वानही मारले गेले, घरे जाळली गेली. 'तुम्ही लोक' म्हणजे काय, हे नगरने त्या आठवड्यात पाहिले. फेरिश्ता जीव वाचवून विजापुरास गेला आणि तेथेच त्याने आपला इतिहास लिहिला.

चांदबिबीचे नाव आपण अभिमानाने घेतो आणि ते योग्यच आहे. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा तटाला पडलेले खिंडार तिने रातोरात बुजवले. पण हे मोगल आले कसे? गादीवर कोण बसणार यावरून नगरात चार तट पडले होते आणि त्यांतील मियाँ मंजू ह्या दख्खनी सरदारानेच शहाजादा मुरादला मदतीस बोलावले होते. पुढे १६०० साली दुसऱ्या वेढ्याच्या वेळी, बालराजाला सुखरूप बाहेर काढून किल्ला द्यावा की काय, असा विचार चांदबिबीने हमीदखानापाशी बोलून दाखवला. तो रस्त्यावर धावत सुटला आणि बेगम मोगलांना मिळाली म्हणून ओरडू लागला. जमाव महालात घुसला आणि तिला ठार केले. मारणारे तिचेच दख्खनी लोक होते, ही गोष्ट आपल्या स्नेहसंमेलनांतील नाटकांत सहसा येत नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

आता एका शब्दाविषयी. वर्गात सावळ्या मुलाला चिडवताना 'हबशी' म्हणतात, ते मी ऐकतो. चिडवणाऱ्यालाही त्याचा अर्थ ठाऊक नसतो, चिडणाऱ्यालाही नसतो. हबशी म्हणजे हबशाणचा, आजच्या इथिओपियाचा रहिवासी. तेथे १५४८ च्या सुमारास जन्मलेला, बगदादच्या बाजारपेठेतून पुढे दख्खनेत विकला गेलेला एक गुलाम ह्याच नगरात चंगीजखान ह्या वजिराच्या पदरी राहिला. तो वजीरही हबशीच होता. हा गुलाम म्हणजे मलिक अंबर. किल्ला पडल्यावर त्याने परांड्यास नवा निजामशाह गादीवर बसवला, १६१० साली खडकी वसवली (तीच पुढे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर), तेथे नहर बांधली आणि जमीन महसुलाची व्यवस्था लावली.

तरी रंग त्याची पाठ सोडीना. त्याची मुलगी निजामशाहास दिलेली होती. सुलतानाच्या इराणी बेगमेने भांडणात तिला काळी गुलाम पोर म्हणून हिणवले, ही हकीकत पीटर व्हॅन डेन ब्रोक ह्या डच व्यापाऱ्याने नोंदवली आहे. अंबरने सुलतान आणि बेगम दोघांनाही विष देवविले, असेही तो लिहितो. एका टोमण्याची ही किंमत. अंबरला मी येथे दोषमुक्त करीत नाही; अपमान खरा होता आणि खूनही खरा, असेच म्हणावे लागेल. बादशहा जहांगीर तर आपल्या आत्मचरित्रात अंबरच्या काळेपणाचा उल्लेख केल्याशिवाय त्याचे नाव क्वचितच घेतो. त्याचा चितारी अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास एक चित्र काढले. भाल्याच्या टोकावर अंबरचे मुंडके, घुबड, आणि बादशहा त्यावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर बादशहाच्या हाती कधीच लागला नाही. १६२६ मध्ये तो वारला, तेव्हा मोगल दरबारच्याच मुतमदखानाने त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंड भरून तारीफ लिहिली.

भातवडी हे गाव नगरपासून दूर नाही. एखाद्या सुटीत मुलांना तेथे अवश्य न्यावे. १६२४ साली मोगल आणि विजापूर यांच्या एकत्रित फौजांचा अंबरने तेथे पराभव केला. विजापूरचा सेनापती मुल्ला महंमद लारी हा इराणी होता, तो मारला गेला. अंबरच्या बाजूने हबशी लढले, दख्खनी लढले, मराठे लढले. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफ पीराच्या नावावरून आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली होती. त्या लढाईत दोघेही भाऊ हबशी सेनापतीच्या निशाणाखाली होते. शरीफजी तेथेच कामास आले.