रिकामा संगणक आणि आकाशाचा कानोसा

२००० साली मी पुण्यात प्रोग्रॅमर म्हणून रात्रपाळी करत असे. चहा पिऊन परत यावं तर माझ्या संगणकाच्या पडद्यावर रंगीत आलेखांचे डोंगर उगवलेले असायचे. शेजारचा मित्र विचारी, "काय रे, आला का फोन?" फोन म्हणजे अर्थातच परग्रहावरचा!

ते 'सेटी ॲट होम'चं काम होतं. परग्रहावरच्या बुद्धिमान जीवांच्या शोधासाठी नासाला मिळणारा पैसा अमेरिकी काँग्रेसने १९९३मध्ये बंद केला. पुढे हा शोध बराचसा देणग्यांवर चालला. १९९५च्या सुमारास डेव्हिड गेडी या संगणकतज्ज्ञाला वाटलं, महासंगणक परवडत नाही ना, मग घरोघरी रिकामे बसलेले संगणकच कामाला का लावू नयेत? बर्कले विद्यापीठातले डेव्हिड अँडरसन आणि डॅन वर्थिमर यांनी ही कल्पना उभी केली आणि १७ मे १९९९ रोजी काम सुरू झालं. यातले अँडरसन संगणकशास्त्राचेच. आमच्या जातकुळीतल्या माणसाने आकाशाकडे वळावं, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटे.

पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर व्यासाच्या दुर्बिणीने टिपलेले संदेश टेपवर भरून चक्क टपालाने बर्कलेला येत. तिथे त्यांचे तुकडे पाडले जात. एक तुकडा १०७ सेकंदांचा, सुमारे ३४० किलोबाइटचा. मॉडेमवर तो उतरवून घ्यायचा, संगणकाने तासन् तास चाळायचा, की निकाल परत धाडायचा. शोध १४२० मेगाहर्ट्झच्या आसपास होता. ही हायड्रोजनची स्वतःची लहर. विश्वात कुणालाही ठाऊक असेल अशी.

पण चाळायचं म्हणजे काय? आगगाडी जवळून जाताना शिट्टीचा सूर उतरतो ना, तसंच पृथ्वी आणि तो ग्रह फिरत असल्याने संदेशाची कंप्रता सरकत राहते. किती सरकेल हे माहीत नसल्याने हजारो शक्यता तपासायच्या. शिवाय आकाशातला खरा स्रोत दुर्बिणीच्या टप्प्यातून सुमारे १२ सेकंदांत पार होतो. तेवढ्या वेळात आवाज वाढून उतरला पाहिजे. एकसारखा वाजत राहिला तर तो बहुधा आपलाच, एखाद्या रडारचा किंवा उपग्रहाचा.

जगभरातून ५० लाखांवर लोक यात सामील झाले. माणसाचा स्वभाव पाहा, क्रमवारीत वर येण्यासाठी काहींनी खोटे निकालही पाठवले! म्हणून एकच तुकडा अनेकांकडून तपासून घ्यावा लागे.

संदेश सापडला नाही. ३१ मार्च २०२० रोजी तुकडे वाटणं थांबलं आणि त्याच वर्षी १ डिसेंबरला अरेसिबोची दुर्बीण कोसळली. मला वाईट वाटलं, ते दुर्बिणीचंच अधिक. अँडरसन मंडळी मात्र जमलेल्या सुमारे १२ अब्ज नोंदी निवडत बसली होती. त्यातून शंभरएक उरल्या. २०२५पासून चीनच्या 'फास्ट' दुर्बिणीने त्या जागा पुन्हा ऐकायला घेतल्या. त्यांतली एखादी माझ्या रात्रपाळीच्या संगणकावरून गेली असेल का, हे कळायला मला मार्ग नाही. त्या मित्राचा फोन आला, की अजूनही पहिला प्रश्न तोच असतो.