बॉम्बे रक्तगट : एका शर्करेची जनुकीय कथा

‘ओ’ गटाचे रक्त कोणालाही चालते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. भारतात सुमारे १०,००० लोकांमागे एका व्यक्तीच्या बाबतीत मात्र ती प्राणघातक ठरू शकते. अशा व्यक्तींचा रक्तगट ‘बॉम्बे’ किंवा ‘ओएच’ म्हणून ओळखला जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांनी मुंबईत आढळलेल्या या रक्ताचे वर्णन ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स हे ब्रिटनमधील संशोधकही त्या निबंधाचे सहलेखक होते. या रक्ताचे वेगळेपण शर्करा जोडणाऱ्या विकरांच्या, म्हणजेच एन्झाइमांच्या, जनुकांत आहे आणि त्या जनुकांचा इतिहास मानवाच्याही आधीचा आहे.

शर्करेची साखळी

तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकावरील गॅलॅक्टोजला फ्यूकोज ही शर्करा जोडली गेली की ‘एच’ प्रतिजन तयार होते. त्यावर एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामिन बसले तर ‘ए’ आणि गॅलॅक्टोज बसले तर ‘बी’ गट होतो. काहीच बसले नाही तर ‘एच’ तसेच राहते. तोच ‘ओ’ गट. म्हणजे ‘ए’, ‘बी’ आणि ‘ओ’ या तिन्ही गटांचा पाया एकच आहे. बॉम्बे रक्तात हा पायाच नसतो. ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक शाबूत असले तरी त्याच्या विकराला शर्करा जोडण्यासाठी जागा मिळत नाही.

तीन जनुके, एक पूर्वज

फ्यूकोज जोडण्याचे हे काम दोन जनुके करतात. ‘फट-१’ तांबड्या पेशींसाठी, तर ‘फट-२’ लाळ व इतर स्रावांसाठी कार्य करते. दोन्ही १९व्या गुणसूत्रावर शेजारी आहेत. ‘सेक-१’ हे तिसरे भावंडही त्यांच्याजवळच असते. एका मूळ जनुकाच्या प्रती होऊन ही तिन्ही निर्माण झाली आणि सस्तन प्राण्यांच्या शाखा फुटण्यापूर्वीच ती परस्परांपासून वेगळी झाली असावीत, असे तुलनात्मक अभ्यासातून दिसते.

पुढे त्यांचे मार्ग भिन्न झाले. माकडांमध्ये ‘सेक-१’ कार्यक्षम विकर घडवू शकेल अशा स्थितीत आहे. मानव, चिंपांझी व गोरिला यांच्या समान पूर्वजात मात्र एका उत्परिवर्तनामुळे ते निकामी झाले. ‘फट-१’मध्ये वेगळाच बदल घडला. ‘अलू’ नावाचा, जनुकसंचात स्वतःच्या प्रती पसरवणारा डीएनएचा एक तुकडा त्याच्या विकर न घडवणाऱ्या भागात शिरला. हा तुकडा मानव, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांच्यात आढळतो. माकडांत आढळत नाही.

आपल्याकडे बागायतींत उतरणाऱ्या माकडांच्या लाळेत रक्तगटाच्या शर्करा असतात, पण तांबड्या पेशींवर नसतात. त्यामुळे या शर्करा रक्तपेशींवर येण्यामागे ‘अलू’चा हा शिरकाव असावा, असे संशोधकांनी २००० मध्ये सुचवले.

भारतीय बदल

बॉम्बे रक्त म्हणजे माकडांच्या अवस्थेकडे परत जाणे नव्हे. माकडांची ‘फट’ जनुके बहुधा कार्यक्षम आहेत. बॉम्बे गटाच्या भारतीय व्यक्तींत सामान्यतः दोन्ही निकामी झालेली असतात. ‘फट-१’मधील एका अक्षराच्या बदलाने विकरातील २४२व्या स्थानी ल्युसिनऐवजी आर्जिनिन येते व विकर निष्क्रिय होते. ‘फट-२’ तर समूळ गहाळ झालेले असते. हे गहाळ होणेही ‘अलू’ तुकड्यांमधील चुकीच्या अदलाबदलीतून घडले आहे. दोन्ही दोष एकाच गुणसूत्रावर शेजारी असल्याने ते सहसा एकत्रच वारशाने मिळतात.

रक्तपेढीतील महत्त्व

बॉम्बे गटाची व्यक्ती अन्य बाबतींत निरोगी असते. धोका संभवतो तो रक्त घेताना. तिच्या रक्तद्रवात ‘ए’ व ‘बी’बरोबरच ‘एच’विरोधी प्रतिद्रव्येही असतात आणि ती शरीराच्या तापमानाला ‘ओ’ गटाच्या पेशीही नष्ट करू शकतात. नेहमीच्या पेशी-चाचणीत हे रक्त ‘ओ’सारखेच दिसते. रुग्णाच्या रक्तद्रवाची ‘ओ’ पेशींशी चाचणी केली, किंवा ‘एच’ ओळखणारे वनस्पतिजन्य लेक्टिन वापरले, तरच फरक उघड होतो. अशा रुग्णाला बॉम्बे गटाचेच रक्त द्यावे लागते.

हा गुण अप्रभावी असल्याने तो आई व वडील या दोघांकडूनही यावा लागतो. दोघेही केवळ वाहक असतील, तर प्रत्येक अपत्य बॉम्बे गटाचे असण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून एका व्यक्तीचा गट निश्चित झाला की तिच्या सख्ख्या भावंडांची तपासणी करणे हिताचे ठरते. गरजेच्या वेळी दाता घरातच मिळू शकतो. नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःचेच रक्त साठवून ठेवण्याचा पर्यायही असतो.

कौटुंबिकदृष्ट्या आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. बॉम्बे गटाच्या पालकाची नोंद ‘ओ’ अशी झाली असेल, तर त्याच्या अपत्याचा गट ‘एबी’ निघाल्यावर नात्याविषयी नाहक संशय निर्माण होतो. प्रत्यक्षात पालकातील ‘ए’ किंवा ‘बी’चे जनुक केवळ झाकलेले असते आणि दुसऱ्या पालकाकडून चालते ‘फट-१’ मिळताच अपत्यात ते प्रकट होते. अशा वेळी दोषारोप करण्यापूर्वी ‘एच’ची चाचणी करून घेणे आवश्यक असते.