पाणी तापविण्याची साधने, ग्रामीण घरगुती

आंघोळ, बाळ-बाळंतिणीचे न्हाणे, तेलकट भांडी आणि थंडीतले गुरांचे आंबोण यांसाठी लागणारे पाणी कमी इंधनात तापवणारी घरगुती साधने. ग्रामीण महाराष्ट्रात त्यांत सुधारित चूल व बंब, सौर बंब, गोबरगॅस, विजेचा गीझर आणि उष्णता पंप यांचा समावेश होतो. स्वयंपाकाच्या इंधनासाठी गेली चाळीस वर्षे सरकारी योजना येत राहिल्या, न्हाणीच्या चुलीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. घरात गॅस आल्यावरही अंगणात सरपणाचा ढीग दिसतो, तो बहुतेक वेळा आंघोळीच्या पाण्यासाठी असतो.

बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी हिवाळ्यातल्या २२ अंशांवरून आंघोळीच्या ४२ अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला ४०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेत मोजली तर ही उष्णता साधारण अर्धा युनिट भरते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून साडेतीन ते चार हजार किलोकॅलरी मिळतात, पण तीन दगडांच्या उघड्या चुलीवर त्यांतला जेमतेम दहावा भाग पाण्यापर्यंत पोचतो. उरलेली उष्णता धुरातून, वाऱ्याबरोबर आणि दगड तापवण्यात जाते. त्यामुळे एका बादलीला किलोभर किंवा त्याहून थोडे अधिक लाकूड जळते. चार माणसांच्या घरात थंडीच्या चार महिन्यांत नुसत्या आंघोळीला पाच क्विंटलांच्या आसपास सरपण लागते. ते डोक्यावरून आणायचे काम जवळजवळ सर्वत्र बायकांकडे असते.

जुन्या व्यवस्थेत प्रदेशागणिक फरक आहे. कोकणात न्हाणीची चूल घराच्या मागच्या अंगाला असते. तिच्यावर तांब्याचा हंडा किंवा भाण कायमचे बसवलेले असते आणि खाली झावळ्या, सोडणे, करवंट्या जळतात. विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या आणि तुराट्या, तर देशावर बाभळीच्या काटक्या व गोवऱ्या. कढत पाणी घंगाळात किंवा बादलीत काढून त्यात विसण घालायचे, ही रीत सगळीकडे सारखीच. शेतातल्या काडीकचऱ्यावर पाणी तापते तिथे झाडावर भार पडत नाही. सरपण जंगलातून येते तिथे प्रश्न वेगळा होतो.

या साऱ्यात बंब हे उष्णतेच्या दृष्टीने सर्वांत शहाणे साधन. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी तांब्याच्या बंबांसाठी प्रसिद्ध आहे. उभ्या गोल भांड्याच्या मधोमध एक नळकांडे असते, त्याच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. ढलप्या, कोळसा किंवा करवंट्या वरून नळकांड्यात टाकतात. विस्तव मध्ये आणि पाणी त्याच्या सर्व बाजूंनी, अशी रचना असल्याने चुलीत वाया जाणारी बरीच उष्णता येथे पाणी शोषून घेते. जाळीतून खालून हवा ओढली जाते आणि नळकांडेच धुराड्याचे काम करते, त्यामुळे जळणही बऱ्यापैकी स्वच्छ होते. तोटीतून गरम पाणी काढले की वरून तेवढेच गार पाणी ओतायचे. रिकाम्या बंबात विस्तव घातला तर डाख वितळून सांधे सुटतात, म्हणून पाणी असल्याची खात्री करूनच तो पेटवतात. बंब आता जस्ताच्या पत्र्याचे व स्टेनलेस स्टीलचेही मिळतात. तांबे महागल्यावर गरीब घरांतून बंब गेला आणि त्याच्या जागी पुन्हा पातेले व तीन दगड आले. चांगले साधन परवडेनासे होऊन वाईटाकडे परतण्याचे हे उदाहरण नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

केंद्र सरकारचा राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला. पुण्याच्या ‘समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थे’ने म्हणजे ‘आरती’ने महाराष्ट्रात सुधारित चुलींच्या रचना आणि त्या घडवणारे कारागीर या दोन्हींवर काम केले. तिची लक्ष्मी चूल अनेक गावांत पोचली. पण या कार्यक्रमांत मोजमाप होई ते भाकरीचे आणि डाळीचे. पाणी तापवायची चूल घराबाहेर, तिचा धूर उघड्यावर, म्हणून तिची गणना आरोग्याच्या प्रश्नात झाली नाही आणि इंधनाच्या हिशेबातूनही ती निसटली.

१ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गावागावांत सिलिंडर पोचला. शेगडीवर पातेल्यात चार बादल्या पाणी तापवायचे तर दिवसाला पाव किलो गॅस लागतो. या हिशेबाने १४.२ किलोचा सिलिंडर एकट्या आंघोळीवर दोन महिन्यांत संपतो. रोख पैसे जपून वापरणाऱ्या घराला हे पटत नाही, त्यात त्या घराचे काही चुकतही नाही. ते गॅस चहाला आणि भाजीला ठेवते, पाणी चुलीवर तापवते. यात अडाणीपणा शोधणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतः करून पाहावा.

सरपणावरच्या या भिस्तीची सर्वांत मोठी किंमत जंगलालगतची गावे मोजतात. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या भोवती आणि ब्रह्मपुरीच्या परिसरात सरपण, मोहफुले किंवा तेंदूपाने आणायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली आहेत. मोळी बांधण्यासाठी वाकलेले माणूस दाट झाडीत सहज सापडते. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन ट्रस्ट या संस्थेने या भागात घरोघरच्या इंधनाचा माग काढला, तेव्हा गॅस असलेली घरेही पाणी तापवायला जंगलातले लाकूड आणत असल्याचे दिसले. त्यावर संस्थेने ‘हीटर ऑफ होप’ या उपक्रमातून काडीकचऱ्यावर चालणारे, कमी इंधन खाणारे पाणी तापवण्याचे संच घरांना दिले. त्यांचे तत्त्व बंबाचेच आहे: आग आत, पाणी भोवती. जाड लाकडाऐवजी काटक्या, तुराट्या आणि शेतातला कचरा त्यांत चालतो. सौर बंबाइतके हे दिसायला आधुनिक नाही, तरी जंगलातल्या फेऱ्या कमी करणारे आणि पावसाळ्यातही चालणारे साधन म्हणून अशा गावांसाठी त्याचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

सौर बंब दोन प्रकारचे असतात. सपाट तबकाच्या संचात काचेखाली काळा लेप दिलेला तांब्याचा पत्रा आणि त्याला जोडलेल्या नळ्या असतात. निर्वात नळ्यांच्या संचात प्रत्येक नळी दुहेरी काचेची असते, दोन काचांमधली हवा काढून टाकलेली असते आणि आतल्या काचेवर उष्णता शोषणारा लेप असतो. १०० लिटरच्या घरगुती संचाला सपाट तबक साधारण २ चौरस मीटर लागते, निर्वात नळ्या सहसा १० असतात. पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या टाकीत चढते, गार पाणी खाली उतरते आणि सूर्य असेपर्यंत हा फेरा चालू राहतो. तबक दक्षिणेकडे तोंड करून, स्थळाच्या अक्षांशापेक्षा थोड्या जास्त कोनात बसवतात, कारण गरज हिवाळ्यात असते आणि तेव्हा सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. टाकीभोवती उष्णतारोधक पफचे वेष्टन असल्याने संध्याकाळचे पाणी सकाळीही गरम राहते. ६० अंशांच्या १०० लिटर पाण्यात २२ अंशांचे विसण घातले, तर ४२ अंशांच्या नऊ बादल्या भरतात. मध्यम कुटुंबाची सकाळ त्यात निघते.

गावात हा संच बसवताना अडचणी येतात त्या शहरातल्यांपेक्षा वेगळ्या. गार पाण्याची टाकी सौर टाकीच्याही वर हवी, नाहीतर पाणी चढत नाही. कौलारू किंवा पत्र्याच्या घरावर एवढे वजन पेलत नाही, म्हणून वेगळा लोखंडी मांडव घालावा लागतो आणि खर्च तिथेच वाढतो. नळाला पाणी दिवसाआड येत असेल तर नळ्या कोरड्या पडतात. भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी शिरले की काच तडकते. बोअरचे पाणी जड असते तिथे क्षार साचून सपाट तबकाच्या बारीक नळ्या तुंबतात. अशा ठिकाणी रुंद निर्वात नळ्या बऱ्या, त्या काढून धुता येतात. नळी जिथे टाकीत शिरते तिथली रबरी कडी काही वर्षांनी कडक होऊन पाझरू लागते. ही कडी थोडक्या पैशांची असते. ती बसवून देणारा माणूस तालुक्यापर्यंत मिळत नाही, म्हणून अख्खा संच बंद पडून राहतो आणि न्हाणीतून पुन्हा धूर निघू लागतो. ग्रामपंचायतीच्या नळदुरुस्ती करणाऱ्याला हे काम शिकवले तर असे कितीतरी संच वाचतील.

महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे महाऊर्जा, १९८५ पासून या क्षेत्रात आहे. २०१० च्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत देशात २ कोटी चौरस मीटर सौर तबकांचे उद्दिष्ट ठेवले होते. सौर बंबांना केंद्राचे भांडवली अनुदान मिळे, ते २०१४ मध्ये थांबले. तोवर बसलेले संच मुख्यतः शहरी इमारतींवर होते. याच काळात राज्याच्या पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजनेत अपारंपरिक ऊर्जेला गुण ठेवल्याने काही ग्रामपंचायतींनी स्वतः पुढाकार घेतला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पाटोदा गावाने सरपंच भास्करराव पेरे पाटील यांच्या काळात सौर संचावर तापवलेले पाणी गावकऱ्यांना सामूहिक सोय म्हणून उपलब्ध करून दिले. स्वतःच्या छतावर संच बसवणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी हा मार्ग वैयक्तिक अनुदानापेक्षा सरळ आहे. देखभाल एका जागी होते आणि त्याचा खर्च ग्रामपंचायतीच्या करवसुलीतून निघतो.

कोकणात पावसाचे चार महिने आणि घाटमाथ्यावर त्याहून अधिक काळ सौर बंबावर भागत नाही. तिथे गुरे असलेल्या घरांना गोबरगॅस उपयोगी पडतो, पण थंडीत शेणाचे कुजणे मंदावते आणि नेमका तेव्हाच गॅस कमी मिळतो. विजेत सर्वाधिक दिसते ती बादलीत सोडायची कॉइल. १५०० वॉटची कॉइल एक बादली वीस मिनिटांत तापवते आणि वीज जवळजवळ सगळी पाण्यातच उतरते. धोका शॉकचा असतो: बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावू नये आणि लोखंडी बादली वापरू नये. गॅस गीझर बंद न्हाणीघरात बसवला तर हवेतला प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस बेशुद्ध पडून दगावतो. म्हणून हा गीझर बाहेरच्या भिंतीवर बसवतात. उष्णता पंप हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे एका युनिट विजेत सुमारे तीन युनिटांची उष्णता मिळते. किंमत जास्त असल्याने तो एकेका घरापेक्षा आश्रमशाळा, वसतिगृह, ग्रामीण रुग्णालय अशा ठिकाणी शोभतो.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेमुळे छतावरच्या सौर विजेकडे गावे वळत आहेत. साताऱ्यातील मान्याचीवाडी त्याच वर्षी राज्यातले पहिले सौरग्राम ठरले. त्या विजेवर पाणी तापवता येते, मात्र वीजनिर्मितीचे सौर पॅनेल उन्हातली साधारण पाचवा हिस्सा ऊर्जा विजेत बदलते, तर पाण्याचे तबक चांगल्या उन्हात निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा थेट पाण्याला देते. छत लहान असेल तर पाण्यासाठी तबक आणि दिव्या-पंख्यांसाठी पॅनेल, अशी वाटणी अजूनही फायद्याची ठरते.

बाळंतिणीच्या घरात मात्र सवा महिना चूल पेटतीच ठेवतात, मग छतावर काहीही असो. कडुनिंबाचा पाला घातलेले कढत पाणी, शेक-शेगडी आणि बाळाला न्हाऊ घालणारी बाई यांची वेळ सूर्य पाहून ठरत नाही. गावाकडची घरे म्हणूनच एक साधन टाकून दुसरे उचलत नाहीत: उन्हाळ्या-हिवाळ्यात सौर, पावसाळ्यात काटक्यांचा बंब, घाईला कॉइल, अशी मिसळ ती स्वतःच बसवतात. योजनांनीही एकाच यंत्राचा आग्रह न धरता ही मिसळ धरून चालावे. सौर संचासोबत चांगला बंबही दिला, तर पावसाच्या पहिल्या आठवड्यात मोळीसाठी रानात जावे लागणार नाही.