टिंबाआडचा संसार

आम्ही बँकेतली माणसं वाघाला भिणार नाही एवढी टिंबाला भितो. दशांशाचं टिंब एक घर सरकलं, की अख्खी शाखा रात्री नऊपर्यंत ताळेबंदापुढे मांडी घालून बसते. पण टिंबामुळे माणूस घरीही फसतो, हे मला परवा कळलं.

गोष्ट जुनी आहे. १९६९ साली अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ उभी करायला घेतली. पुढे फोल्डरात फोल्डर आले. तेव्हा ये-जा सोपी व्हावी म्हणून प्रत्येकात दोन नावं घातली : एक टिंब म्हणजे ‘इथेच’, दोन टिंबं म्हणजे ‘वरच्या घरी’. पण ‘एलएस’ म्हणून यादी मागितली, की ही टिंबंही आपली पुढेपुढे करू लागली. मग त्या दोघांपैकी कुणीतरी एक ओळ लिहिली : नाव टिंबाने सुरू होत असेल तर वगळा. दोन नावं टाळायची होती. टळली टिंबाची सगळी जात! रॉब पाइक यांनी २०१२ साली ही हकिगत सांगितली आणि ही चूकच होती असं स्पष्ट म्हटलं. पुढच्या प्रोग्रामवाल्यांना आयता माळाच मिळाला. जो तो आपलं बोचकं टिंब लावून तुमच्या घरात टाकू लागला.

डॉस-विंडोजच्या घराण्यात लपवायला वेगळी खूण असते. ती ‘अ‍ॅट्रिब’ने पुसता येते. पण चिरंजीवांनी मला लिनक्स बसवून दिलेलं. डिस्क भरली. ‘एलएस’ला शेपटी लावली, ‘डॅश ए’, आणि चाळीसएक अनोळखी पाहुणे दिसले. एकेकाचं नाव वाचायचं सोडून मी हुकूम सोडला : ‘आरएम डॅश आरएफ’, टिंब, फुली. म्हणजे टिंबवाले सगळे, चौकशी न करता, बाहेर! त्या फुलीत दोन टिंबंही येऊ शकतात, म्हणजे वरचं घर. पण ‘आरएम’ शहाणा, तेवढं नाकारतो. बाकीचं त्याने निमूटपणे पुसलं. इथे कचऱ्याची टोपली नसते.

त्यात टपालाचं फोल्डर होतं. अक्काची बारा वर्षांची पत्रं गेली.

“अहो, पाहून तरी पुसायचं!” ही म्हणाली. बँकेत दुसऱ्याच्या सहीशिवाय मी शंभराची नोंद फिरवत नाही!

अक्काला फोन केला. “रडतोस काय? मी धाडलेली माझ्याकडे आहेत,” म्हणाली आणि सगळी परत पाठवली. खाली माझी उत्तरंही होती. वाचली. प्रत्येक उत्तर दोन ओळींचं : ‘पत्र मिळालं. सवडीने लिहितो.’

काल सवडीने लिहिलं. चार पानं. टिंबं जागच्या जागी देऊन.